जुना मसाला आणि फेकून दिलेली फुले

गंधाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती पुराव्याची. शिलालेख टिकतो, नाणे टिकते, हस्तलिखिताला वाळवी लागली तरी उरलेल्या पानांवरून काही अनुमान बांधता येते. गंध मात्र घेतला त्या क्षणापासूनच संपू लागतो. मागे उरतात त्या बाटल्या, जाहिराती, जकातीच्या नोंदी, आणि माणसांच्या आठवणी. यांतील शेवटचा पुरावा सर्वांत जिवंत आणि म्हणूनच सर्वांत अविश्वसनीय. अशा पुराव्याला प्रश्न कसे विचारावेत, याचा एक लहानसा प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत. त्यासाठी घेतलेले उदाहरण अगदी घरगुती आहे. पांढरी बाटली, तिच्यावर शिडाचे जहाज आणि लाल वळणदार अक्षरे. ओल्ड स्पाइस.

मराठी मध्यमवर्गातील एका मोठ्या पिढीला या नावासरशी वडील आठवतात, किंवा मामा, किंवा शेजारचे कुणी बँकेतले काका. खिडकीच्या गजाला अडकवलेला आरसा, मगातले गरम पाणी, दाढी झाल्यावर तळहातावर ओतलेले चार थेंब, गालांवर मारलेल्या दोन चापट्या, आणि मग घरभर पसरणारा तो ऊबदार, किंचित तिखट, शेवटी गोडसर होत जाणारा वास. आमच्या परिचयातील अनेकांनी या आठवणी जवळजवळ एकाच शब्दांत सांगितल्या आहेत, आणि नेमके हेच विचार करायला लावणारे आहे. खासगी आठवणी इतक्या सारख्या कशा असतात? आणि ज्या वासाने आपल्याला आपले वडील आठवतात, तो वास स्वतः कुणाची आठवण सांगत असतो?

प्रथम वासच पाहू. झाकण उघडताच मद्यार्काचा झोत आणि त्याबरोबर संत्र्या-लिंबाच्या सालीची चुणूक येते, मागोमाग बडीशेपेच्या कुळातला एक गोड, थंड स्वर. तो ओसरला की मसाले पुढे येतात: लवंग, दालचिनी, जायफळ, आणि लवंगेशी नाते सांगणारा कार्नेशन फुलाचा गंध. तासाभराने त्वचेवर राहते ती व्हॅनिलाची आणि ऊदासारख्या राळेची ऊब, तळाशी कस्तुरीची सावली. मराठीत हे वर्णन करताना एक गोष्ट लक्षात येते. रंगांना आपल्याकडे स्वतःची नावे आहेत. वासांना बहुधा नाहीत. वास नेहमी कशाचा तरी असतो: मातीचा, धुराचा, लवंगेचा. त्यामुळे ओल्ड स्पाइसचे वर्णन करायला गेलो की शब्द आपसूक स्वयंपाकघरातून येऊ लागतात. लवंग आणि दालचिनी तर आपल्या गोड्या मसाल्याच्या डब्यात कायमच्या मुक्कामाला असतात. आणि तरीही त्या काळात कुणी “बाबांना मसाल्याचा वास येतो” असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. मसाल्याचा वास आईच्या हातांना येई आणि तो साबणाने धुऊन टाकायचा असे; वडिलांच्या गालांना यायचे ते व्यक्तिमत्त्व. लवंगेतील मुख्य गंधद्रव्य, ज्याला रसायनशास्त्रात युजेनॉल म्हणतात, ते दोन्ही ठिकाणी एकच. फरक होता तो फळीचा, बाटलीचा आणि जहाजाचा.

म्हणून आता जहाजाकडे वळू. विल्यम लाइटफूट शुल्त्झ याने १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये शुल्टन नावाची कंपनी स्थापन केली. तिने १९३७ मध्ये बाजारात आणलेल्या सुगंधी मालाचे नाव होते ‘अर्ली अमेरिकन ओल्ड स्पाइस’, आणि तो माल स्त्रियांसाठी होता. गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्यांत लवंगा-मसाले मिसळून त्या बरणीत भरून ठेवायच्या, ही जुन्या अमेरिकी घरांतील रीत; शुल्त्झच्या आईची अशीच एक बरणी या गंधामागची प्रेरणा असल्याचे सांगितले जाते. पुरुषांसाठीचा ओल्ड स्पाइस आला तो त्यानंतर, १९३८ मध्ये. म्हणजे ज्या वासाला पुढे जगभर पौरुषाचे प्रतीक मानले गेले, तो मुळात एका आईच्या बरणीतला, आणि आधी बायकांना विकलेला वास होता.

त्या काळच्या अमेरिकी पुरुषाला सुगंध लावण्यासाठी काही सबब लागत असे. अत्तर लावणे हे नाजूकपणाचे लक्षण. दाढीनंतर जखम जळजळू नये म्हणून काही लावणे हे मात्र आरोग्याचे काम. तेव्हा गंध औषधाच्या वेषात आला. त्यावर वसाहतकाळातील जहाजांची चित्रे आली, आणि गंधाला समुद्राची, साहसाची, वाऱ्याशी झुंजणाऱ्या देहाची जोड मिळाली. आपल्या परंपरेत या सबबीची गरज कधी भासली नव्हती. कामसूत्रातील नागरकाच्या दिनचर्येत सकाळचे अनुलेपन आणि धूप आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सहाव्या शतकात गंधयुक्तीचा एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात सोळा द्रव्यांपासून चार-चार घेऊन, त्यांची प्रमाणे बदलून, १,७४,७२० सुगंध कसे होतात याचा हिशेब मांडलेला आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात राजाच्या उपभोगांमध्ये विलेपन आणि धूप यांना मानाचे स्थान आहे. आपल्या लग्नांतील अत्तरदाणी आणि गुलाबदाणी पुरुषांच्या बैठकीतूनही फिरतच होती. कानाच्या पाळीत अत्तराचा फाया खोचणारे आजोबा अनेकांनी पाहिलेले आहेत. उन्हाळ्यात वाळा आणि थंडीत हिना हा ऋतूंचा भेद होता, स्त्री-पुरुषांचा नव्हता. मसाल्यांची ऊब अंगावर घेण्यासाठी या आजोबांना जहाजाची गरज नव्हती. त्यांच्या मुलाला मात्र ती पडली.

हे जहाज कुठले? शुल्टनच्या बाटल्यांवर पहिल्यापासून दिसणाऱ्या जहाजांपैकी एकाचे नाव ‘ग्रँड टर्क’. न्यू इंग्लंडमधील सेलम या बंदरातील व्यापारी इलायस हॅस्केट डर्बी याचे हे जहाज डिसेंबर १७८५ मध्ये निघाले, चीनमधील कँटनला पोहोचले आणि १७८७ मध्ये परतले. सेलमच्या पूर्वेकडील व्यापाराच्या वैभवाची ही सुरुवात. पुढल्या दशकात जोनाथन कार्न्स हा कप्तान सुमात्राहून मिरी घेऊन आला, त्यात अफाट नफा झाला, आणि पाहता पाहता हे छोटे गाव मिरीच्या जागतिक व्यापाराचे एक केंद्र झाले. येथील कप्तानांनी १७९९ मध्ये ईस्ट इंडिया मरीन सोसायटी स्थापन केली. तिच्या संग्रहातून पुढे वाढलेल्या पीबडी एसेक्स संग्रहालयात मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचे चित्र आहे. सेलमच्या जहाजांशी त्यांचा व्यवहार होता. म्हणजे बाटलीवरच्या त्या जहाजाचे बंदर आणि आपली मुंबई यांची ओळख बाटलीच्या सव्वाशे वर्षे आधीची आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना सेलम दुसऱ्याच कारणाने ठाऊक असते. नॅथॅनिएल हॉथॉर्न १८०४ मध्ये तेथेच जन्मला. त्याचे वडील जहाजाचे कप्तान होते आणि ते दूरच्या सुरिनाममध्ये वारले तेव्हा तो चार वर्षांचा होता. १८४६ ते १८४९ या काळात हॉथॉर्नने सेलमच्या जकात कचेरीत नोकरी केली, आणि १८५० च्या ‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीला जोडलेल्या प्रास्ताविकात त्याने त्या कचेरीचे चित्र रेखाटले. त्या चित्रात वैभव नाही. धक्का ओस पडला आहे, गोदामे कुजत आहेत, आणि म्हातारे अधिकारी भिंतीला टेकून त्याच त्या गोष्टी पुनःपुन्हा सांगत बसले आहेत. मिरीचा व्यापार तोवर बोस्टन-न्यूयॉर्ककडे सरकला होता. सेलमचे जुने दिवस त्याच्या डोळ्यांदेखत आठवणीत रूपांतरित होत होते, आणि आठवणीत किती गोष्टी गाळल्या जातात हेही तो जाणून होता.

काय गाळले गेले? १८३१ मध्ये सेलमच्या ‘फ्रेंडशिप’ या मिरीच्या जहाजावर सुमात्रातील क्वाला बाटू येथे हल्ला झाला. त्याचा सूड म्हणून फेब्रुवारी १८३२ मध्ये अमेरिकी युद्धनौका ‘पोटोमॅक’ने ते गाव उद्ध्वस्त केले. शंभराहून अधिक माणसे मारली गेली. त्याही आधी, १६२१ मध्ये, जायफळाचा मक्ता मिळवण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटर्सझून कून याने बांदा बेटांवरील लोकसंख्येचा जवळजवळ निःपात केला. याच बेटांपैकी रन या चिमुकल्या बेटावरचा हक्क १६६७ च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी सोडला आणि डचांनी न्यू ॲम्स्टरडॅमवरचा. ते न्यू ॲम्स्टरडॅम म्हणजे आजचे न्यूयॉर्क. ज्या शहरात ‘जुन्या मसाल्याची’ बाटली जन्मली, ते शहर एका जायफळाच्या बेटाच्या बदल्यात इंग्रजांकडे राहिले होते. बाटलीवरच्या ‘जुना’ या विशेषणात यातले काहीही नाही.

त्या विशेषणाचाही स्वतःचा इतिहास आहे. दोन महायुद्धांमधल्या अमेरिकेत वसाहतकाळाविषयी एक ओढ निर्माण झाली होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९२४ मध्ये जुन्या अमेरिकी घरांच्या खोल्यांचे स्वतंत्र दालन उघडले. १९२६ नंतर रॉकफेलरच्या पैशातून विल्यम्सबर्ग हे अख्खे गाव अठराव्या शतकासारखे पुन्हा उभारले जाऊ लागले. महामंदीने गांजलेल्या देशाला आपला भूतकाळ नीटनेटका, कष्टाळू आणि ऊबदार हवा होता. शुल्त्झने तोच गंधात उतरवला. ओल्ड स्पाइस विकला गेला तेव्हा प्रथमच घेणाऱ्यालाही तो आठवणीसारखाच वाटावा, अशी योजना होती. स्मृती आधी घडवली गेली आणि वास नंतर माणसांच्या आयुष्यात शिरला.

आता त्याच सालाकडे दुसऱ्या किनाऱ्यावरून पाहू. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानांत लवंग-दालचिनीचा हा गंध मांडला जात असताना मुंबईत लवंगेवर बहिष्कार पुकारला गेला होता. जगातील लवंगेचा फार मोठा भाग तेव्हा झांझिबार आणि पेंबा या बेटांतून येई. एकोणिसाव्या शतकात ओमानी सुलतानांच्या छत्राखाली तेथे लवंगेच्या बागा उभ्या राहिल्या त्या आफ्रिकी गुलामांच्या श्रमावर. गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८९७ मध्ये. या व्यापारात कच्छी आणि गुजराती पेढ्यांचे भांडवल मोठे होते. ब्रिटिश प्रशासनाने १९३७ च्या हुकुमाने लवंगेची खरेदी-निर्यात एका उत्पादक संघाच्या ताब्यात दिली, तेव्हा भारतीय व्यापाऱ्यांनी विरोध केला, राष्ट्रीय सभेने त्यांना पाठिंबा दिला, आणि झांझिबारची लवंग घेऊ नये असे आवाहन भारतभर झाले. १९३८ मध्ये तडजोड झाली. हा लढा सर्वस्वी निष्पाप होता असेही नाही. बागांत राबणाऱ्या माणसाचा आवाज त्या तडजोडीत कितपत होता, हा प्रश्न उरतोच. पण एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या वर्षी लवंग एका देशात सुगंधी भूतकाळ झाली, त्याच वर्षी दुसऱ्या देशात ती वर्तमानकाळातील राजकारण होती.

रसायनशास्त्राने या गोष्टीत आणखी एक वळण घातले आहे. टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ मध्ये व्हॅनिलिन प्रयोगशाळेत बनवले. पुढे काही दशके कारखान्यांत ते लवंगेच्या तेलातील युजेनॉलपासून तयार होत असे. व्हॅनिलाचा जो गोडवा आपल्याला आइस्क्रीममुळे युरोपीय वाटतो, त्यामागेही एके काळी लवंगच होती. मूळ वस्तू विसरली जाते आणि तिचा गंध नव्या नावाने फिरू लागतो, याचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडायचे नाही.

असा हा प्रवास करून मसाला परत आपल्याकडे आला तो ‘परदेशी’ म्हणून. १९९१ पूर्वीच्या मर्यादित बाजारात पुरुषांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सुगंधी वस्तू मोजक्याच, आणि त्यांत ओल्ड स्पाइसचा दबदबा मोठा. त्याची लाटांवर स्वार झालेल्या पुरुषाची जाहिरात आणि तिच्यामागचे ते छातीत धडकी भरवणारे वृंदगान अनेकांना अजून आठवते. ते संगीत कार्ल ऑर्फच्या ‘कार्मिना बुराना’तले, आणि त्या रचनेचा पहिला प्रयोग फ्रँकफुर्टला झाला तो जून १९३७ मध्ये, म्हणजे नाझी जर्मनीत. योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह आम्ही टाळतो. तरी एवढे म्हणता येईल की कोकणातल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या कारकुनाच्या गालावर दर सकाळी उतरणारे ते चार थेंब मोठा पसारा घेऊन येत होते. वापरणाऱ्याला यातले काही ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होते ते इतकेच, की पगाराच्या मर्यादेत परवडणारी ही एक चैन आहे, आणि ती केल्यावर आरशातला माणूस थोडा ताठ उभा राहतो. त्या ताठपणाची चेष्टा करण्याचे काही कारण नाही. पुढे १९९० मध्ये शुल्टनचा हा व्यवसाय प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेला; २०१० च्या विनोदी जाहिरातींनी त्या नावाला तरुण केले. पण आमच्या पिढीची आठवण जुन्या बाटलीपाशीच थांबली.

येथे तो प्रश्न पुन्हा घ्यावा लागतो. ही आठवण खरी की घडवलेली? प्रूस्तच्या कादंबरीच्या १९१३ मधील पहिल्या खंडात चहात बुडवलेल्या केकच्या चवीने संपूर्ण बालपण उलगडते, आणि तेव्हापासून अशा अवचित जागणाऱ्या स्मृतीला आपण खरेपणाचा दाखला देत आलो आहोत. मज्जाविज्ञानही सांगते की गंधाची संवेदना इतर इंद्रियांप्रमाणे थॅलॅमसमध्ये न थांबता भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांकडे थेट जाते. पण थेट जाणे म्हणजे खरे असणे नव्हे. गंध दार उघडतो. आत काय मांडून ठेवले आहे आणि ते कुणी मांडले, हे तो सांगत नाही.

या बाबतीत आपल्या परंपरेतील एक शब्द अधिक उपयोगी पडतो: वासना. मराठीत या शब्दाचा अर्थ आता आकुंचित झाला आहे. ‘वास’ हा शब्दही बऱ्याचदा नाक मुरडून उच्चारला जातो, आणि ‘घ्राण’पासून आलेल्या ‘घाण’चे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पण संस्कृतात वासना म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेला संस्कार, आणि त्या शब्दात ‘वस्’ म्हणजे राहणे व ‘वास्’ म्हणजे सुगंधित करणे, या दोन्हींच्या छटा मिसळल्या आहेत. बौद्ध योगाचार परंपरा यासाठी तिळांचे उदाहरण देते: फुलांच्या सहवासात ठेवलेल्या तिळांना फुलांचा गंध लागतो, आणि फुले गेल्यावरही तो राहतो. अभिनवगुप्त रसाचा विचार करतो तेव्हा सहृदयाच्या चित्तात आधीपासून असलेल्या वासनेचाच आधार घेतो. तिच्यावाचून आस्वाद नाही.

ही नुसती उपमा नाही, तिच्यामागे प्रत्यक्ष कारागिरी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि एका अनाम लेखकाचा ‘गंधवाद’ हे गंधशास्त्राचे ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. त्यांतल्या ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. बडोद्याहून १९८९ मध्ये हे ग्रंथ छापून प्रसिद्ध झाले. मराठी भाषेला गंध घडवण्याची परिभाषा एके काळी होती, याचा हा पुरावा आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच दिसतो. ‘गंधसारा’त सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. शेवटची क्रिया फुलांच्या सहवासाने गंध देण्याची. तिळांच्या फुलेलाची रीतही तीच: थरांत रचलेली फुले कोमेजली की काढून टाकायची, ताजी घालायची, पुन्हा काढून टाकायची, आणि शेवटी तीळ गाळायचे. तेलात फूल कधीच नसते.

आठवणीचेही असेच असते, असे आम्हांला वाटते. वडिलांच्या गालावरचा तो वास खरा आहे, कारण आपले चित्त खरोखरच त्याने वासित झाले आहे. एखाद्या कंपनीने जहाज काढून दिले म्हणून त्या सकाळी खोट्या ठरत नाहीत. पण त्या तेलामागे फेकून दिलेल्या फुलांचे ढीग आहेत. त्यांत बांदाची बेटे आहेत, क्वाला बाटू आहे, पेंबाच्या बागांत लवंगा खुडणारे हात आहेत. आणि त्यांत आपल्याच घरातले, खलबत्त्यात तीच लवंग कुटणारे हातही आहेत, ज्यांचा वास कुणी बाटलीत भरला नाही. आस्वादकाने गंध घ्यावा, तो त्याचा अधिकारच आहे. वाङ्मयाच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यापुढचे एक काम करावे लागते: तीळ हातात घेऊन, कोणती फुले काढून टाकली होती ते विचारण्याचे.